विसरलेल्या ओळीचं गाणं

यादीत नाव होतं गोजरबाई. गाव हसनाबाद, मिरचीचं बीजोत्पादन, वीस गुंठे शेडनेट. खरं तर हसनाबादचे प्लॉट आमच्या बियाणे कंपनीतल्या पुंजारामकडे असतात. पण त्याच्या बहिणीचं लग्न निघालं आणि त्याचा आठवडा माझ्या गळ्यात पडला. जालन्याहून सकाळी गाडीला किक मारताना माझी एकच इच्छा होती, की या गोजरबाईंनी निदान पाणी तरी विचारावं.

शेडनेटच्या दाराशी एक जण पाठमोरा बसून ठिबकची नळी जोडत होता. मी कंपनीच्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं, ‘‘गोजरबाई कुठं आहेत? तपासणीला आलेय.’’

तो वळला. आणि मी… मी यादीकडेच बघत राहिले, जणू तिथं काही खुलासा लिहिलेला असेल.

‘‘गोजरबाई तीर्थपुरीला गेल्या मावशीकडं,’’ कल्याण म्हणाला. ‘‘प्लॉट आईच्या नावावर हे. राबतो मी. बोला मॅडम.’’

सहा वर्षांनी भेटलेल्या माणसानं ‘मॅडम’ म्हणावं, याचा मला भयंकर राग आला. जालन्याच्या कॉलेजात तीन वर्षं आम्ही एकत्र काढली होती. मी गायचे, तो पेटी वाजवायचा. त्याचं गाव याच भागात कुठंतरी, एवढंच मला माहीत होतं; आईचं नाव कधी विचारलं नव्हतं. बी.एस्सी. झाल्यावर तो शेतीत उतरला, मी एम.एस्सी.ला संभाजीनगरला गेले. भांडण नाही, तंटा नाही. मेसेज आधी लांबले, मग फक्त वाढदिवसाला उरले, आणि मग तेही गेले. या सगळ्याला काही नाव असतं तर विसरणं सोपं झालं असतं.

‘‘मॅडम म्हणालास तर प्लॉट नापास करीन,’’ मी म्हटलं.

‘‘आधी आत ये, शरयू. मंग कर नापास.’’

त्यानं नाव घेतलं आणि माझा राग सरळ पळून गेला. माझा राग असाच आहे, कामाच्या वेळी कधी टिकत नाही.

आत शिरण्याआधी मी पायावर जंतुनाशक ओतून घेईपर्यंत आमची जुनी चेष्टा सुरू झाली होती. दिवसभर उन्हात दुसऱ्यांची मिरची बघत फिरण्याचा पगार मिळतो का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मिळतो, आणि ऊन लागलं तर वर भत्ताही मिळतो. तो म्हणाला, आम्हाला फक्त ऊन मिळतं. केस थोडे विरळ झाले होते त्याचे. हसताना डावा डोळा आधी बारीक होतो, ते मात्र तसंच होतं. मी ते पाहिलं आणि मुकाट्यानं तपासणीचं भिंग साफ करत बसले.

‘‘पेटी?’’ मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘‘वाजवतो की. गावच्या भजनी मंडळात. पण लई शिव्या खातो.’’

‘‘का?’’

‘‘हात आपोआप काळी चारवर जातो. मंडळातले सगळे साठीच्या पुढचे. रामप्रसादकाका तर म्हणतात, एवढ्या वरच्या पट्टीत आम्हाला गायला लावतो, जीव घेतो का आमचा.’’

काळी चार माझी पट्टी. पुरुषांच्या भजनाला ती कुणी चुकूनही देणार नाही. त्यानं ते मान खाली घालून सांगितलं आणि नळीच्या तोंडाशी काहीतरी उगाच चाचपलं. मीही उगाच वही उघडली.

आत हिरवट सावली होती. वीसेक बाया ओळींमधून वाकून क्रॉसिंग करत होत्या. मादीच्या फुलाला नराची पूड बोटानं लावायची, लगेच देठाला लाल दोरा बांधायचा, पुढच्या फुलाकडे जायचं. सकाळचे तीन तास काय ते महत्त्वाचे, म्हणून मान वर करायला कुणाला फुरसत नव्हती. मी शेवटच्या ओळीपासून झाडं तपासायला घेतली. तीन झाडं पानावरून भलत्याच वाणाची निघाली. ओळखीचा आहे म्हणून सोडणार नाही, असं मी बजावलं. त्यानं लगेच तिन्ही उपटली.

तेवढ्यात बायांनी गाणं धरलं.

चाल ऐकून माझा हात थांबला. ती कल्याणची चाल होती. युवक महोत्सवासाठी आम्ही बसवलेलं गाणं, पाखराचं आणि कोरड्या नदीचं. शब्दही आमच्याच वर्गातल्या एकानं लिहिलेले. स्पर्धेत आमचा नंबर आला नाही आणि ते गाणं आमच्या पाच-सहा जणांबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाया मात्र ते रोजचं असल्यासारखं गात होत्या. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ आली आणि सगळ्यांनी एकदम शब्द सोडून नुसतं गुणगुणून काढलं. पुढच्या ओळीच्या आधी, बरोबर तालावर, सगळ्या मिळून हलकंसं हसल्या. मग गाणं पुढं गेलं.

माझ्या जवळच्या ओळीत दैवशालाबाई होत्या, या बायांच्या म्होरक्या. त्यांना विचारलं, हे गाणं कुठलं?

‘‘कल्याणभाऊच्या मोबाईलमधलं. चार वर्षं झाली, क्रॉसिंगला हेच लावतेत. डीजेचं गाणं लावलं की हात जल्दी करतो, फूल मोडतं. ह्याच्यावर हात बराबर चालतो. आता तं मोबाईल बी लागत न्हाई.’’

‘‘कोण म्हणतंय ते?’’

‘‘कोणतरी पोरगी हे. गोड म्हणती.’’

‘‘आणि मध्ये ती एक ओळ… तिचे शब्द?’’

दैवशालाबाईंनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. ‘‘तिथं शब्द न्हाईत मॅडम. तिथं हसायचं असतं.’’

तिथं शब्द होते. तालमीत कल्याणनं ते गाणं मोबाईलवर घेतलं होतं आणि नेमकी ती ओळ मी विसरले होते. विसरले, गुणगुणले, हसले, आणि तसंच पुढं गेले. माझी चूक वीस बायांनी गाण्याचा भाग म्हणून पाठ केली होती. आणि ज्यानं ती चार वर्षं रोज सकाळी त्यांना ऐकवली, तो ओळीच्या टोकाला उभा राहून माझ्याकडे बघत नव्हता. इतकं न बघणं कुणाला सहज जमत नाही.

अकराच्या सुमारास परतीच्या पावसाची एक सर आली. ओली पूड कामाची नाही, त्यामुळे बाया शेजारच्या पडवीत चहाला बसल्या. आम्ही दोघं दाराशीच थांबलो. जाळीतून पाणी बारीक होऊन खाली येत होतं.

मी म्हटलं, ‘‘माझी बदली होतेय. कर्नाटकात, राणेबेन्नूरला. मोठा हुद्दा आहे, अख्खं केंद्र माझ्याकडे. सोमवारी हो-नाही कळवायचंय.’’

‘‘हो कळव,’’ तो लगेच म्हणाला. ‘‘बिलकुल विचार करू नको.’’

‘‘एवढंच?’’

‘‘तू मोठी व्हावी असंच वाटतं मला.’’

हे वाक्य कुणी सत्कारात बोललं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. आता मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. सहा वर्षं मी या माणसाची वाट पाहिली होती. स्थळं आली, मी नाकं मुरडली, पप्पा वैतागले. आणि हा इथं माझा आवाज मिरचीला ऐकवत बसला होता.

‘‘ती ओळ मी का विसरले, माहितीये?’’ मी म्हटलं. ‘‘तू पेटीवरून मान वर केलीस. बघितलंस माझ्याकडे. म्हणून. सगळ्या गावाला माझी चूक ऐकवलीस, कल्याण, आणि मला एक फोन नाही केलास.’’

तो हातातल्या लाल दोऱ्याला गाठी मारत राहिला.

‘‘दोनदा आल्तो,’’ शेवटी म्हणाला. ‘‘तुझ्या ऑफिसपर्यंत, एमआयडीसीत. गेटवरून माघारी गेल्तो. शेतकऱ्याच्या पोराला आजकाल सोयरे दारात उभं करून घेत न्हाईत, शरयू. तुझे पप्पा बँकेतले साहेब. त्यांनी न्हाई म्हणलं तर सोसलं असतं. तू न्हाई म्हणली असती तर… गाणं बी गेलं असतं. म्हणून तेवढंच ठेवलं.’’

‘‘पप्पांचं मी बघते. मी तुला विचारतेय.’’

पाऊस थांबला होता. दैवशालाबाईंनी पडवीतून आवाज दिला, काम सुरू करायचं का म्हणून. त्यानं हातानंच थांबायला सांगितलं.

‘‘मला तू पाहिजे,’’ कल्याण म्हणाला. ‘‘पहिल्यापासून. राणेबेन्नूरला जा, लंडनला जा. कामासाठी तुला थांबवणार न्हाई, आणि वाट बघायची सवय हे मला. पण कुणी विचारलं की शरयू कुणाची, तर माझं नाव सांग.’’

मला लगेच उत्तर द्यायचं होतं. पण मी आधी नाक पुसलं आणि तपासणीचा अहवाल भरायला घेतला, कारण बाया बघत होत्या. गावाचं नाव लिहिलं, क्षेत्र लिहिलं, उपटलेली झाडं तीन. पान उलटलं. सगळ्यात खाली, सहीच्या वर एक रकाना असतो. आम्ही सगळे तिथं न वाचताच ‘नाही’ लिहितो: तपासणी अधिकाऱ्याचे शेतकऱ्याशी नाते आहे काय?

मी दोन शब्द लिहिले आणि वही त्याच्यासमोर धरली.

‘होणार आहे.’

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा डावा डोळा बारीक झाला आणि मग दोन्ही डोळे भरून आले.

‘‘मंग तपासणी?’’ त्यानं कसंबसं विचारलं.

‘‘बाद. नियमच आहे. पुंजाराम येईल परत करायला.’’

‘‘आणि राणेबेन्नूर?’’

‘‘सोमवारी हो कळवते. तू मात्र आईंना तीर्थपुरीहून आजच बोलावून घे. रविवारी आमच्याकडे या. पप्पांना दुपारी झोपायची सवय आहे, तेव्हा सकाळीच या.’’

त्यानं फक्त खिशातून फोन काढला, आईचा नंबर लावला, आणि पलीकडून आवाज येताच फोन माझ्या हातात दिला.