खडूच्या पाच रेघा

मुलांनो, असं समजा, डोक्यानं पायांना हुकूम सोडलाय, "चला!" आणि तो पायांपर्यंत पोचतच नाही. समजलंत? मग चला सांगलीतल्या एका कॉलेजात.

प्राध्यापकबाईंचं संशोधन पार्किन्सनवर, म्हणजे कंपवातावर. विद्यार्थ्यांना शिकवायला त्यांनी एक पेशंट बोलावला होता. पलूसचे इंद्रजितराव नातीचा, नऊ वर्षांच्या सृष्टीचा, हात धरून आले. बाई वळल्या... आणि हातातला खडू हवेतच राहिला.

"इंद्रजित? साताऱ्याच्या कॉलेजातला?"

"उमा...!"

तिचे केस पांढरे झालेले. पण भुवई उंचावून बघणं तेच — कॉलेजात त्याच्या वहीतल्या चुका काढतानाचं.

"यांचा पाय उंबऱ्यापाशी अडतो," वर्गात उमाताई सांगत होत्या. "पण समोर आडव्या रेघा आखल्या, की डोकं दुसऱ्या वाटेनं हुकूम पाठवतं." शेवटच्या बाकावर सृष्टी कान टवकारून ऐकत होती.

तास संपला. उमाताई आपल्या खोलीत शिरल्या. "ये, चहा घेऊ."

इंद्रजितराव उंबऱ्यापाशी थबकले. टाचा थरथरल्या, पाय उचलेना.

"तेव्हाही असाच आमच्या दारात अडलास आणि परत गेलास," उमाताई हसल्या, पण आवाज ओला झाला. "आईनं पोहे केले होते. मी नवी साडी नेसले होते."

"तवा पाय नव्हता अडला... जीभ अडली हुती. लय भ्यालो हुतो."

"मी लग्नच केलं नाही, ठाऊक आहे?"

"आज कळलं. माझी मालकीण जाऊन सात वर्सं झाली... तवा इचारायचं ऱ्हायलेलं आज इचारणार हाय. पर आत येऊन. दारातनं न्हाई."

"मी येऊ तिकडे?"

"नगं. माझं मला येऊ दे."

त्यांनी जोर लावला. कपाळावर घाम आला. पाय तिथेच.

"आबा, हलू नका!" सृष्टी ओरडली.

"आगं, हलता येतंय कुठं!"

सृष्टी आबांच्या बाजूनं आत घुसली आणि तिनं टेबलावरचा खडू उचलला. गुडघ्यांवर बसून आबांच्या बुटांपासून उमाताईंच्या चपलांपर्यंत पाच आडव्या रेघा ओढल्या.

एक... दोन... तीन... चार... पाच.

"उमा," ते धापा टाकत म्हणाले, "रोज असा चहा पाजशील?"

"साखर कमी चालेल?"

"चालंल की!"

आणि सृष्टी? ती मागं वळली आणि फ्रॉकच्या टोकानं उंबऱ्याकडच्या रेघा पुसू लागली. "आता परत जायचं न्हाई हं, आबा!"