दहापैकी चार

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली होती आणि ती दुरुस्त करायला आलेला माणूस जिन्यातच बसला होता. एक हात कठड्यावर, दुसरा कमरेवर... चेहरा पांढराफटक. मी थबकले. हा तर माझाच पेशंट! सहा आठवडे मी त्याला फिजिओथेरपी देत होते. दहापैकी किती दुखतंय विचारलं, की दर वेळी गोड हसून म्हणायचा — चार.

"हे चार आहे?" मी विचारलं.

तो ओशाळला. नेमकं कुठे दुखतंय म्हटल्यावर त्याने एकच बोट कमरेखालच्या खळीवर ठेवलं. मणक्यावर नाही, बाजूला. पहिल्या दिवशीही तिथंच ठेवलं होतं की! पण रिपोर्टमध्ये मणक्याची गादी सरकल्याचं लिहिलं होतं, आणि मी शहाणी त्या कागदावर विसंबले. लाजेने माझे कान तापले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये त्याला झोपवून मांडी दाबून पाहिली, मग कमरेची हाडं दोन्हीकडून दाबली. दर वेळी तीच खळी ठणकली. मणक्याचा शेवट जिथे कमरेच्या हाडाला जुळतो, तो सांधा दुखत होता.

"चूक माझी आहे," मी कसंबसं म्हटलं. "दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर चिठ्ठी देते."

तो छताकडे बघत राहिला. "अर्धी माझी. आठ होतं. आठ म्हटलं असतं तर तुम्ही मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं असतं... शून्य म्हटलं असतं तर सुट्टी. चार म्हटलं, की परत यायला मिळायचं."

सांध्याला आधार म्हणून मी त्याला कमरेचा पट्टा बांधला, तो उलटाच. दोनदा.

मग तो पट्टा, कुल्ल्यांचे व्यायाम, आणि खोटा आकडा सांगायचा नाही अशी तंबी. आठाचे पाच झाले, पाचाचे दोन. आकडा उतरला की मला बरं वाटायचं आणि लगेच मी उरलेल्या भेटी मोजायचे. पेशंट बरा होतोय म्हणून हिरमुसणारी मी कसली थेरपिस्ट? स्वतःचीच शरम वाटायची.

शेवटच्या दिवशी तो जिना भराभर चढून आला. शून्य, म्हणाला. खरंच शून्य होतं. आभार मानून दारापर्यंत गेलासुद्धा.

"माझं विचारलं नाहीत..." मी फाइलमध्ये डोकं खुपसून म्हटलं.

"किती?"

"चार."

तो परत येऊन खुर्चीवर बसला.