माणसं मोजायची नाहीत

अग्निशमन खात्यातल्या माणसाला कुठेही गेलं की दोनच गोष्टी दिसतात. बाहेर पडायचं दार आणि आत अडकू शकणारी माणसं. तपासणीला आलेली ती सकाळच्या रिमझिमीतून त्या जुन्या यहुदी प्रार्थनागृहात शिरली, छत्री दाराशी टेकवली आणि सवयीने बोट पुढे करून मोठ्याने मोजू लागली, "एक, दोन, तीन…"

चार म्हणायच्या आत चौथे गृहस्थ खांबाआड गेले. पाचव्यांनी टोपी तोंडावर ओढली. सहावे इतक्या चपळाईने बाकाखाली वाकले की खरंच आग लागली असती तर तिने त्यांचं कौतुक केलं असतं.

"अहो बाई, काय करताय!" एक तरुण लगबगीने पुढे आला. त्याच्या बोटांना काचेची पांढरी भुकटी लागली होती. "आमच्यात माणसं मोजत नाहीत."

"का? मोजल्यावर कमी होतात?"

"होतात असं म्हणतात."

"मग किती जण आलेत ते कळतं कसं?"

"'नाही' म्हणत मोजतो. एक नाही, दोन नाही, तीन नाही…"

सरकारी नोकरीत तिने आकडे लपवणारे पुष्कळ पाहिले होते. इतक्या निर्मळ चेहऱ्याने लपवणारा हा पहिलाच.

"बरं. मग आत्ता इथे किती नाहीत?"

"दहा नाहीत," तो म्हणाला, आणि हसला. खळी एकाच गालाला पडत होती.

प्रार्थनागृहाला लागूनच त्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून तो चष्मेवाला. बाकीचे नऊ जण म्हातारे, आणि त्यांचे पुढारी त्याचे आजोबा. आजोबांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'बंबवाली' ठेवलं आणि ते तिला चिकटलं.

त्या इमारतीत आगीचा धोका फारसा नव्हता. तरी तपासणी लांबली. आधी एक वायर संशयास्पद वाटली. मग जिन्याचा कठडा. वायर आणि कठडा दोन्ही निर्दोष सुटल्यावर तिचे डोळे दुखायला लागले.

"बसा," चष्मेवाला म्हणाला. त्याने तिच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवली आणि फार जवळून डोळ्यांत पाहिलं. धंदाच तसा, त्याला कोण काय म्हणणार! "वरचा आकडा वाचा."

"आठ."

"छान आकडा. सात दिवसांत जग पुरं झालं, आठ म्हणजे त्याच्या पलीकडचं."

"तुमच्यात प्रत्येक आकड्याला काहीतरी असतंच का हो?"

"आमच्या जुन्या लिपीत प्रत्येक अक्षराला किंमत असते. शब्द लिहिला की बेरीज आपोआप होते. 'जिवंत' या शब्दाची अठरा."

"आणि तेरा? ते अपशकुनी ना?"

"छे! तेरा म्हणजे…" तो भिंग बदलायचं विसरला. "तेरा म्हणजे प्रेम."

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. फ्रेममुळे तिला मान वळवता येत नव्हती. म्हणजे तसं तिने मानून घेतलं.

"'एक' या शब्दाचीही बेरीज तेराच," तो घाईघाईने म्हणाला.

"एकाची बेरीज तेरा? कुठल्या शाळेत होता तुम्ही?"

"आणि दोन तेरा मिळून सव्वीस. ती देवाच्या नावाची बेरीज."

तिने नाकावरची फ्रेम जरा सावरली. मग ती म्हणाली, "माझी आई तुमच्यातलीच. पण तिने यातलं काहीच सांगितलं नाही. आमच्या घरात आकडे फक्त लाइटबिलावर."

"तुझं नाव मी मांडून पाहिलंय," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "'घर' या शब्दापेक्षा एकच कमी भरतं."

"म्हणजे नापास."

"नाही गं. एक कमी चालतो. शब्दाला स्वतःलाच एक धरायचं, असा जुना नियम आहे."

"सोयीचा आहे नियम."

"फार विचार करून केलाय."

चष्म्याचा नंबर निघाला नाही. तरी ती पुढच्या आठवड्यात डोळे दाखवायला आली, आणि त्याच्याही पुढच्या.

मग तिच्या बदलीचा हुकूम आला. बढती होती, शहर लांबचं होतं.

"तिथेही लोक चष्मे लावत असतील," ती दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली. बोलणं सहज वाटावं म्हणून छत्री उघडझाक करत.

चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवली. "मी दहावा आहे."

"म्हणजे?"

"दहा पुरुष असल्याशिवाय आमच्या काही प्रार्थना होतच नाहीत. गेलेल्या माणसांसाठीची तर नाहीच नाही. आजी गेली तेव्हा मी दहावा उभा राहिलो, म्हणून आजोबांना ती प्रार्थना म्हणता आली. त्या नवांपैकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलंच आहे. मी गेलो तर ते नऊ जण नुसतेच बसून राहतील."

"मी पुरुष नाही म्हणून माझा उपयोग नाही," ती म्हणाली. "बरं, पण तूच म्हणाला होतास ना, एक कमी चालतो?"

"अक्षरांत चालतो. एखादं अक्षर राहिलं तर अंदाजाने वाचता येतं." त्याने खाली पाहिलं. "माणूस राहिला तर त्याच्या जागी काय वाचायचं?"

तिला राग यायला हवा होता. आला नाही, हीच पंचाईत. जो माणूस म्हाताऱ्यांना असा सोडून आला असता, त्याच्यासाठी ती तीनतीनदा डोळे तपासायला गेलीच नसती.

निघण्यापूर्वी ती शेवटचा शेरा द्यायला प्रार्थनागृहात गेली. आजोबा एकटेच होते.

"बदली झाली म्हणे," ते म्हणाले. "आमचा चष्मेवाला सकाळपासून एकच काच घासतोय. थोड्या वेळाने तिला भोक पडेल."

"आजोबा, रस्त्यापलीकडचं प्रार्थनागृहही मीच तपासलंय."

आजोबांचा चेहरा दगडी झाला. पूर्वी दोन्हीकडची माणसं एकत्र होती. एका प्रार्थनेच्या चालीवरून भांडण झालं आणि अर्धे रस्ता ओलांडून गेले. ती चाल आता कुणालाच आठवत नव्हती. भांडण मात्र तोंडपाठ होतं.

"तिथे न जाण्याचा माझा नेम आहे," आजोबा म्हणाले. "म्हातारपणी माणसाला एखादा नेम हवा."

ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. बोट पुढे न करता, हलक्या आवाजात म्हणाली, "पलीकडे… एक नाही. दोन नाही. तीन नाही. चार नाही. पाच नाही. सहा नाही. सात नाही."

ती थांबली. आजोबा आठची वाट पाहत राहिले.

"सातच?" शेवटी त्यांच्या तोंडून निघालं. आणि मग, "म्हणजे त्यांचीही ती प्रार्थना…"

"बंद आहे. कधीपासूनच."

आजोबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि तो डोळ्यांवर न लावता तसाच हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निरोप घ्यायला आली तेव्हा चष्मेवाला दुकानाबाहेर पावसात उभा होता. समोरून नऊ म्हातारे रस्ता ओलांडत होते. पुढे आजोबा, अंगावर चांगला कोट. मागचे कुरकुरत होते, पण चालत होते. पलीकडचं दार त्यांनी ठोठावायच्या आधीच उघडलं.

"उशीर केलात," आतून कुणीतरी म्हणालं.

"रस्ता रुंद आहे," आजोबा म्हणाले, आणि आत गेले.

"मला म्हणाले, तू येऊ नकोस. आज गर्दी होईल." चष्मेवाला त्या दाराकडे पाहत म्हणाला.

तिने छत्री त्याच्यावर धरली. "वाईट वाटतंय?"

"थोडं. दहावा असणं सोपं होतं गं. नुसतं उभं राहायचं. तुला काय हवंय, असं कुणी विचारत नाही."

"मी विचारते की. काय हवंय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मध्ये ना फ्रेम होती ना भिंग. "तू हवी आहेस. जिथे बदली होईल तिथे. एवढं सांगायला मला… जाऊ दे. येऊ?"

"ये," ती म्हणाली. तिला पुढेही काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात पलीकडून आवाज आला. प्रार्थना म्हणणारा म्हातारा आवाज आजोबांचा होता, जरा थरथरता. तो एका ठिकाणी थांबला, आणि आतल्या सगळ्यांनी मिळून 'आमेन' म्हटलं. सगळे वेगवेगळ्या वेगाने, कुणी पुढे, कुणी मागे.

रस्त्याच्या अलीकडे, छत्रीखाली, त्या दोघांनीही म्हटलं.