एकाच सेकंदाचे दोन फोटो

लग्नाचे फोटो बघायला आलेली नवरी एका फोटोपाशी थांबली. वडिलांनी तिला जवळ घेतलं होतं, पण फोटोत त्यांची नुसती पाठ होती. तोच क्षण मी समोरून टिपला होता. तो माझा फोटो कुठेच नव्हता.

आमच्या स्टुडिओत फोटो कॉम्प्युटरवर चढवून त्यांना नावं द्यायचं काम नव्या प्रोग्रामरबाईंची स्क्रिप्ट, म्हणजे तिने लिहिलेला छोटा प्रोग्राम, करायची. मालक म्हणाले, "चूक कोणाची ते संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे. ज्याची असेल त्याने उद्यापासून येऊ नये."

त्या प्रोग्रामरबाईशी मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

"तुम्हीच डिलीट केला असेल," ती म्हणाली.

"तुमच्या स्क्रिप्टने गिळला असेल."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "लग्नात कॅमेरे किती होते?"

"दोन. दुसरा माझ्यासोबतच्या फोटोग्राफरचा."

"मेले मी... नावात मी फक्त तारीख आणि वेळ घातलीय. दोघांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं की नाव एकच. मग दुसरा फोटो पहिल्याला पुसून तिथे बसतो." ती उठली. "मालकांना सांगून येते."

इतक्या सहज कबूल? मला आणखीच संशय आला. तरी खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. "हे मी लगेच पुसत नाही. कॉम्प्युटरवर माझा विश्वास नाही."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"आरोप तुम्ही आधी केलात."

ती हसली. फोटो मिळाला, दोघांची नोकरी वाचली.

मग तिने नावात कॅमेऱ्याचा नंबर घातला, पुढे चार कुठलीही अक्षरं. मी शेजारी खुर्ची ओढली. "तरी तेच नाव निघालं तर?"

"स्क्रिप्ट आधी बघेल. असलं तर दुसरं काढेल."

"तेही असलं तर?"

"तिसरं. लग्न झालंय तुमचं?"

"नाही... का?"

"एवढ्या शंका घरी कोण ऐकून घेतं, म्हणून विचारलं."

मी रोज नवी शंका घेऊन जाऊ लागलो. एकदा शंकाच सुचेना. तरी गेलो.

"आज काय?" तिने विचारलं.

"तुम्ही मला मुद्दाम थांबवून घेता, असा संशय आहे."

"फार उशिरा आला," ती म्हणाली — आणि कानापर्यंत लाल झाली.

आमचं लग्न झालं, संसार चांगला झाला. ती गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिचे फोटो काढले होते. ते अजून कॅमेऱ्यातच आहेत. कॉम्प्युटरवर चढवायचे राहिलेत.