याडीचं धुणं

तुमच्या पेजवरच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. माझी भर दुपारची आहे, आणि ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी.

मी निता. कारंजा तालुक्यात, धनजच्या पुढे आमचा तांडा. मागच्या वर्षीची धुळवड होती. रंग खेळून, जेवून सगळे आडवे झाले होते.

आणि मागच्या अंगणातून आवाज आला...

फट्...

फट्...

कुणीतरी कोरडा कपडा झटकत होतं.

वहिनी असेल म्हणून मान वळवली... माझी वहिनी योगिनी शेजारीच घोरत होती.

ते झटकणं मी ओळखलं. ते याडीचं होतं. आम्ही बंजारा आईला याडी म्हणतो.

याडीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

माझे बा, प्रेमसिंग, दिवाळीनंतर तिला घेऊन पुण्याकडच्या एका कारखान्यात कामाला जायचे. घरांवर टाकतात ते सिमेंटचे पत्रे तिथे बनतात. बा खोलीवर यायचे ते पांढरेफटक होऊन. याडी त्यांचे कपडे आधी दारात झटकायची, मग भिजवायची. पाण्याची टंचाई बघतच मोठी झालेली बाई ती, धुळीपायी जास्तीची बादली कशी ओतणार?

बांना काही झालं नाही. याडीचा श्वास कोंडत गेला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ छातीत रुतून बसते आणि कितीतरी वर्षांनी जीव घेते.

मी गप्प बसले नाही. ग्रामसभेत ठराव मांडला, सह्या गोळा केल्या, अर्ज घेऊन मुंबईला मंत्रालयापर्यंत गेले. हे पत्रे बंद करणारा कायदा करा. तोवर कपडे कारखान्यातच धुवायची सक्ती करा, घरच्या बायकांचीही तपासणी करा. एक साहेब फार गोड बोलले.

"बऱ्याच देशांत बंदी आहे, आपल्याकडे या पत्र्यांवर नाही. आणि तुमची आई तर कामगार नव्हती ना?"

मी त्यांचा चहा पिऊन परत आले. अजून चीड येते त्या चहाची.

तर त्या दुपारी मी मागे गेले. कुणीच नव्हतं... पण दोरी हलत होती. वारा नव्हता.

दोरीखाली भरलेली बादली होती. पाण्यावर पांढरा थर... बोटाला लागला, पिठासारखा.

"तुले बी आयकू आलं?"

मी दचकले. मागे बा उभे होते.

"रोज येते ते. मी पानी भरून ठेवतो. हात जोडून सांगतो, आधी भिजव, झटकू नको. आयकतच नाही ना बेटा..."

बा लहान मुलासारखे रडले.

माझा भाऊ किशन त्याच कारखान्यात लागलाय. होळीनंतर तो परत निघाला, आणि या खेपेला योगिनीही. मी त्याचा हात धरला.

"नको जाऊ रे. याडीचं काय झालं, पाह्यलं ना?"

"कायले भेव घालतं ताई? एवढं जहर असतं, तर सरकारनं इकू देलं असतं काय?"



ते गेले, आणि मागचा आवाज थांबला. बादलीतलं पाणी नितळ राहू लागलं.

"सुटली बिचारी," बा म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

मग योगिनीचा फोन आला.

"ताई, हसू नका... मी यांचे कपडे धुवाले घ्यायच्या आधीच कोनतरी झटकून ठेवते. दार लावेल असते, तरी. मले भेव नाही वाटत. उलट माया वाटते."

याडी सुटली नव्हती... सुनेच्या वाटची धूळ स्वतःच्या छातीत घ्यायला ती तिकडे गेली होती.

माझा अर्ज अजून फिरतोच आहे. विचारलं की म्हणतात, विचाराधीन.

काल पुन्हा योगिनीशी बोलले. बोलता बोलता तिकडे कुणीतरी खोकलं. कोरडं... लांबलचक...

योगिनी होती, की तिच्या मागे उभी असलेली कुणी?