चार लाल रिबिनी

"पडलं नाहीये. फोडलंय कुणीतरी," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी बुटांचा खोका टेबलावर ठेवला.

खोक्यात विमानाचे तुकडे होते. वायुदलातल्या शिकाऊ वैमानिकांना शिकवतात ते, एकामागे एक अशा दोन सीटचं विमान. इथे त्याची प्रतिकृती होती, रेझिन नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये बनवलेली, जेमतेम हातभर लांबीची. शेपटीचे तीन तुकडे झाले होते, पंख मुळापासून निखळले होते.

ताईंनी चष्मा पुसला. ताई पूर्वी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायच्या. जळालेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या बघता बघता माणसांच्या थापा ओळखायला शिकल्या आणि मग त्यांनी स्वतःचं तपासाचं ऑफिस थाटलं. शेजारी बसलेले दादा म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, निवृत्त पोस्टमास्तर. आपण तपासात मदत करतो असं दादा सगळीकडे सांगतात. ताई त्यावर काही बोलत नाहीत.

"कधी झालं?"

"काल, गुरुवारी. मी तीनला बाहेर पडलो, पितळी पाटी आणायला. पाचला परत आलो तर हे जमिनीवर. रविवारी उड्डाण शाळेत स्मृतिकक्ष उघडणार आहे. तिथे ठेवायचं होतं." उस्ताद थांबले. "माझ्या मुलाचं विमान आहे हे. एकशे बारा नंबर."

मुलाची हकीकत त्यांनी सवय झालेल्या आवाजात सांगितली. अकरा वर्षांपूर्वी उड्डाण होताच इंजिन बंद पडलं. मागच्या सीटवर प्रशिक्षक होते, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. त्यांनी हँडल ओढलं, सीट त्यांना घेऊन विमानाबाहेर उडाली, ते वाचले. पुढच्या सीटवर मुलगा होता. त्याची सीट उडालीच नाही. चौकशीत लिहिलं गेलं की शिकाऊ वैमानिक घाबरला, त्याने हँडल वेळेवर ओढलं नाही.

"तुम्ही तिथेच मेकॅनिक होता ना?" ताईंनी विचारलं.

"तीस वर्षं. त्या सकाळी विमान मीच तयार करून दिलं होतं." त्यांनी एक फोटो पुढे केला. "उड्डाणाच्या आधीचा. यावरूनच चौदा महिने बनवत होतो."

फोटोत उस्ताद विमानाच्या बाजूला हात उंचावून उभे होते. हातात लाल रिबिनी लावलेल्या पिना होत्या. पुढच्या सीटवरून मुलगा हसत अंगठा दाखवत होता, मागून सरांचाही अंगठा वर होता.

"विमानाशेजारी तुमची बाहुलीही केली असेल ना? ती कुठेय?"

"बोटाएवढी केली होती, हातात रिबिनींसकट. ती सापडली नाही."

ताई एकेक तुकडा उचलत होत्या. "नाक शाबूत कसं राहिलं?"

"नाकात शिसं भरलंय. नाही भरलं तर हे विमान मागे कलंडतं, शेपटीवर बसतं. टेबलावरून पडलं असतं तर वजनामुळे आधी नाकच आपटलं असतं. म्हणून म्हणतो, कुणीतरी नाकाला धरून शेपूट आपटलीय."

कॉकपिटचं पारदर्शक झाकण मात्र फुटलं नव्हतं. ज्या रेषेत ते चिकटवलं होतं, तिथूनच बारीक टोकाने सोडवलं होतं. पुढच्या सीटच्या पाठीमागे, अगदी खाली, लाल रेशमाचा एक कण होता.

"बाहुलीच्या हातातून उडाला असणार," दादा म्हणाले.

ताईंनी तो नखाने खरवडला. निघाला नाही. रेशमावर वॉर्निशचा मंद थर होता.

"तुम्हाला पोलिसांत जायचंय?"

"नाही हो. कोणी फोडलं, एवढं फक्त कळू दे." जाईपर्यंत उस्तादांनी हे तीनदा सांगितलं, आणि दर वेळी आवाज आणखी खाली आला.

उस्तादांच्या घरी मागे त्यांची कामाची खोली होती. तिला एक दार घरातून आणि एक गल्लीतून. गल्लीतलं दिवसभर उघडंच असायचं. खोलीत सिलिकॉनचे साचे, पॉलिश कागद आणि करड्या भुकटीचा पातळ थर होता. टेबलाच्या कडेला एक ताजी खोक पडली होती.

पुढच्या खोलीत काकू, उस्तादांच्या पत्नी, शिवणयंत्रावर बसल्या होत्या. कुणाची तरी पँट आखूड करत होत्या.

"मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही," त्या म्हणाल्या. "रेझिनच्या वासाने डोकं उठतं माझं. काल साडेतीनला सर येऊन गेले. नंतर घड्याळवाला आला, यांचा मित्र. जाताना इथे डोकावून काहीतरी थट्टा केली त्याने. काय ते विचारू नका, मशीन सुरू असलं की मला काही ऐकू येत नाही."

"लाल रेशीम तुम्हीच दिलंत का उस्तादांना?"

"आणि कोण देणार? त्यांच्या नोकरीतल्या रिबिनीसुद्धा मीच शिवायचे. सरकारी रिबिनी महिन्यात विरायच्या. एका विमानाला पाच, म्हणून पाचाची जुडी बांधून द्यायचे." काकूंनी दोरा दाताने तोडला. "पोराच्या विमानाच्याही मीच शिवल्या होत्या."

दादांच्या बाहीचा एक धागा लोंबत होता. ताईंनी कात्री मागितली. कात्री कापडाच्या ढिगाखाली गेली होती, म्हणून काकूंनी टाके उसवायचं छोटं हत्यार दिलं. त्याच्या दुहेरी टोकात नखाच्या कपचीसारखं काहीतरी पारदर्शक अडकलं होतं. ताईंनी धागा कापला, आभार मानले आणि हत्यार परत केलं.

"धागा राहू दिला असता तरी चाललं असतं," बाहेर आल्यावर दादा म्हणाले.

"धाग्याचं काही नाही दादा. हत्यार बघायचं होतं."

दादांनी बाहीकडे नीट बघितलं. त्यांना काही उमगलं नाही.

तिथून दोघं सरांच्या घरी गेले. सरांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशीत चहा सांडला. "त्या दिवसापासून पाठ गेली आणि हातही," ते म्हणाले. "काल मी दहा मिनिटं होतो. पंख पाहिले, नंबर पाहिला. पुढच्या सीटकडे मी बघत नाही."

ताईंनी फोटो समोर ठेवला. "या पिना कशाच्या?"

"सीट जमिनीवर चुकून उडू नये म्हणून लावतात. पिन असेल तर हँडल ओढून उपयोग नाही. उड्डाणाआधी मेकॅनिक सगळ्या काढतो आणि हात वर करून दाखवतो. आम्ही दोघांनी मोजायच्या आणि अंगठा दाखवायचा."

"त्या दिवशी मोजल्या होत्या?"

सरांनी फोटो परत सरकवला. "उस्तादांच्या हातातल्या पिना कोण मोजतो? तीस वर्षांत त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं."

घड्याळवाल्याच्या दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकत होती आणि त्यांच्यापेक्षा जास्त तो बोलत होता.

"मी निघालो तेव्हा चार वीस झाले होते. विमान धडधाकट होतं. झाकण घट्ट बसवलेलं, बाहुली जागेवर. चूक काढायचीच म्हणून काढली हो मी एक. आमच्या उस्तादांना रिबिनीचं सामान कमी पडलं. पाच असतात असं कधीतरी ऐकलं होतं, बाहुलीच्या हातात चारच! मग भिंगाने फोटो पाहिला. त्यातही चारच. म्हणजे चूक माझीच, बरोबर चारच असणार. जाताना वहिनींना म्हटलंसुद्धा, तुमचं रेशीम संपलं का, बाहुलीला चारच रिबिनी मिळाल्या."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काही नाही. मशीन थांबलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत."

रस्त्यात दादांनी निकाल दिला. "सरांनीच फोडलं. मोजलं नाही हे उघडं पडलं असतं ना."

"ज्याला कप धरता येत नाही त्याला पातळ झाकण तडा न जाता सोडवता येईल? आणि सर गेल्यावर चाळीस मिनिटांनी घड्याळवाल्याने ते धड बघितलंय."

"मग घड्याळवाल्याने. त्याचा हात बारीक कामाचा आहे."

"एक कमी असण्याचा अर्थच त्याला माहीत नाही. माहीत असतं तर त्याने थट्टा केली असती का?"

शनिवारी सकाळी ताई उस्तादांच्या कामाच्या खोलीत पोचल्या तेव्हा टेबलावर पितळी पाटी आणि विमान उभं करायची रिकामी बैठक होती. काकू घरातल्या दारात उभ्या होत्या.

"या ना काकू," ताई म्हणाल्या. "परवा आत आलाच होतात."

काकू आत आल्या.

"चार वीसला घड्याळवाल्याने थट्टा केली," ताई सांगू लागल्या. "मशीन थांबलं होतं, म्हणजे ती तुम्हाला ऐकू आली. पाच रिबिनी लागतात हे तुम्हाला पक्कं ठाऊक. जुड्या तुम्हीच बांधत होतात. तुम्ही आत आलात, बाहुलीच्या हातातल्या मोजल्या. मग पाचवी कुठे असेल ते शोधायला उसवायच्या हत्याराने झाकण सोडवलंत. त्याची कपची अजून टोकात आहे. पाचवी पुढच्या सीटच्या मागे सापडली. त्यानंतर नाक धरून शेपूट या कडेवर आपटलीत."

दादांना भरून आलं. "म्हणजे तुम्ही यांना वाचवायला फोडलंत, काकू. यांची चूक यांनाच कळू नये म्हणून."

"वाचवायला?" काकूंनी दादांकडे पाहिलं. त्या हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं. "अकरा वर्षं लोक माझ्या तोंडावर सांगताहेत, तुमचा मुलगा घाबरला. रस्त्यात सांगितलं, लग्नाकार्यात सांगितलं. हा माणूस शेजारी बसून ऐकायचा. वर मला म्हणायचा, जाऊ दे, लक्ष देऊ नकोस."

उस्तादांनी मान खाली घातली.

"पण उस्तादांना तरी ते ठाऊक होतं का?" दादांनी विचारलं. "फोटोवरून बनवलं. फोटोत चार, म्हणून चार."

"फोटोत सीटची मागची बाजू दिसत नाही दादा," ताई म्हणाल्या. "तिथे काय होतं हे फोटो बघून कुणालाच कळलं नसतं. ती रिबीन उस्तादांनी स्वतः चिकटवली आणि वरून वॉर्निश मारलं. तो कण उडून पडला असता तर वॉर्निशच्या वर असता, खाली नसता. उस्ताद, तुम्हाला फोडणारा शोधायचाच नव्हता. ज्याने फोडलं त्याने आधी त्यातली तुमची कबुली वाचली होती. ती कुणी वाचली हे तुम्हाला कळायला हवं होतं. काकूंनी तर नाही ना, हे."

उस्ताद पाटीकडे बघत बोलले.

"त्या संध्याकाळी पिना ठेवायच्या पिशवीत चारच निघाल्या. पाचवी त्याच्या सीटलाच राहिली होती. स्टोअरमधून जादा पिन काढली, तिला हिच्या जुडीतली एक रिबीन लावली आणि पिशवी पुरी केली. विमान जळून गेलं होतं. कुणी विचारलं नाही."

"त्या आठवड्यात एका जुडीत चारच होत्या," काकू म्हणाल्या. "मला वाटलं रडता रडता माझीच मोजणी चुकली. मी पाचवी शिवून घातली."

"रविवारी ते काचेत ठेवलं असतं," उस्ताद म्हणाले. "कधी ना कधी कुणीतरी जाणकार मोजेल असं वाटलं. वर्ष लागेल, दहा लागतील. मी नसेन तेव्हा."

"आणि मी?" काकूंनी विचारलं. "मी असेनच ना."

उस्तादांनी एवढंच म्हटलं, "पोराने मोजायला हव्या होत्या. नियम होता."

ते ऐकून ताईंनाही संताप आला. पण बोलल्या त्या काकूच, आणि आवाज न चढवता.

"फोटो बघा. हसतोय तो. बापाच्या हातात आहेत म्हटल्यावर कशाला मोजेल?"

त्यांनी पदराच्या गाठीतून रेझिनची बाहुली काढली आणि पितळी पाटीशेजारच्या रिकाम्या बैठकीवर उभी केली. बोटाएवढा उस्ताद हात उंचावून उभा राहिला.

"उद्या हे एवढंच न्यायचं. कबुली वाचायला कुणी जाणकार लागायला नको. तुम्ही उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं."

"मला नाही जमणार," उस्ताद म्हणाले.

"ठीक आहे. मग मी सांगते."

काकू बाहेर गेल्या. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं. ताई आणि दादा निघाले तेव्हा त्या पँट बाजूला ठेवून लाल कापडाची एक लांब पट्टी शिवत होत्या. दादांनी न राहवून विचारलं, किती करताय म्हणून.

"एकच," काकू म्हणाल्या. "त्याच्या फोटोला लावायला."