परसों म्हणजे कधी

एकनाथरावांच्या हैदराबादेतल्या, हिमायतनगरच्या फ्लॅटला नवी बेल बसली आणि घरातली शांतता बिघडली. गंमत म्हणजे ती बेल त्यांना ऐकूच येत नसे. चिमणीसारखी चिवचिवते म्हणे. सून श्रुती बटण दाबून विचारायची, "आता?" आणि एकनाथराव तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. बेल मुळात वाजतच नाही, आपल्याला बहिरं ठरवायचा हा बेत आहे, असा त्यांना दाट संशय होता.

संशयाला कारणही होतं. गॅस उघडा राहिला, तो त्यांच्या नावावर. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, तोही त्यांच्याच. मुलगा प्रशांत कंपनीच्या कामासाठी बंगलोरला होता आणि श्रुती दुपारची आबिड्सला कॉम्प्युटर क्लासात शिकवायला जायची. "बाहेरून कुलूप लावून जाऊ का, अप्पा?" असं तिने एकदाच विचारलं होतं. "मी काय कैदी आहे?" म्हणून ते दिवसभर जेवले नव्हते. शेवटी प्रशांत आल्यावर ठरवायचं, असं झालं. तोवर आपलं डोकं ठिकाणावर आहे हे दाखवणं भाग होतं.

बुधवारी संध्याकाळी श्रुती आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"अप्पा, परवा कोणी आलं होतं का घरी?"

"नाही."

"आत्ता जिन्यात एक गृहस्थ भेटले. बेल वाजवून दमले होते बिचारे. म्हणाले, परसों आया था, एकनाथ के साथ चाय भी पिया. तुम्ही मला काहीच बोलला नाहीत."

एकनाथराव मनात हसले. पोरीने आज चांगलाच सापळा लावला होता. परवा दुपारभर ते एकटेच होते. त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"कसा दिसत होता?"

"उंच. हातात काळी छत्री. तोंडाला किमामच्या पानाचा वास. आणि..." तिने आपलं बोट पुढे केलं, "हे अर्धंच होतं."

ते बोट एकनाथरावांच्या दोस्ताचं, हिम्मतरावाचं. नारायणगुड्याच्या छापखान्यात, कागद कापायच्या यंत्रात गेलेलं. तो रक्ताळलेला हात धरून एकनाथरावांनीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी खांदाही त्यांनीच दिला. श्रुती तेव्हा पुण्यात कॉलेजात होती. तिने हिम्मतरावाचा फोटोसुद्धा पाहिलेला नव्हता.

मग त्यांना उमगलं. पुण्याच्या मुलीला परसों म्हणजे परवा. पण हैदराबादेत परसों म्हणजे गेलेला कुठलाही दिवस. मागचा आठवडा काय, निजामाचा काळ काय, सगळं परसोंच. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर हिम्मतराव शेवटचा आला होता, तो याच खोलीत चहा प्यायला होता. "अकेला जाने कू डर लगता रे," तो म्हणाला होता. त्याचे डोळे बघवले नाहीत म्हणून एकनाथराव बोलून गेले, "मैं आतुं ना तेरे साथ."

हे श्रुतीला सांगायचं? मेलेला माणूस जिन्यात भेटला म्हटलं, तर ती लगेच बंगलोरला फोन लावणार.

"हौ," ते सावकाश म्हणाले. "आला होता. विसरलोच मी."

श्रुतीचा चेहरा एकदम मवाळ झाला. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. एकनाथरावांना रडू फुटलं. इतके दिवस जे कबूल केलं नव्हतं, ते आज त्यांनी खोटंच कबूल केलं होतं.

"परसों परत येतो म्हणालेत," ती म्हणाली. "म्हणजे शुक्रवारी."

हिम्मतरावाचं परसों उद्याही उजाडू शकतं, म्हणून एकनाथराव उठून दाराची कडी लावून आले.

गुरुवारी ती निघाली, तेव्हा ते स्वतः कुलूप घेऊन दारात उभे होते.

"लाव बाहेरून."

"अहो अप्पा..."

"लाव म्हणतो ना, पोरी. विसरभोळ्या माणसाचा काय भरवसा?"

कुलूप लागलं. करंट सकाळपासूनच नव्हता, पंखा बंद होता. बंद दारातून एरवी त्यांना काही ऐकू येत नसे. आज श्रुतीचा आवाज स्वच्छ आला.

"अहो काका, तुम्ही उद्या येणार होतात ना? आज तर कुलूप लावलंय हो..."

"ताले से क्या होता, बेटी..."

मग तिची पावलं जिना उतरत गेली. एकच जोडी. दाराच्या फटीतून किमामचा वास आत आला. एकनाथराव भिंतीला टेकून उभे राहिले. आणि करंट नसलेल्या त्या घरात, पहिल्यांदाच, त्यांना चिमणीची चिवचिव ऐकू आली.